आंबटपणाचा आलेख

मार्तिन्येच्या सणाला बरोबर दहा दिवस उरले असताना बिशप तोमो श्क्रिन्यार विलिम पेर्कोवेत्सच्या मळ्यात आले आणि त्यांनी पिंपातल्या नव्या रसाचा एक घोट घेतला. घोट घेतल्यावर त्यांचा डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. त्यानंतर बराच वेळ काहीच उघडले नाही.

"बिशपसाहेब?" विलिमने हळूच विचारले.

"थांब," बिशप म्हणाले. "अजून उतरतोय."

तोमो श्क्रिन्यार हे काही खरे बिशप नव्हेत. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ते लोकांची धुराडी साफ करत. पण अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, ग्रोझ्देवेत्स गावात ते पुठ्ठ्याचा उंच मुकुट घालत, हातात काठी घेत आणि गावातल्या एका घरच्या नव्या द्राक्षरसावर पाणी शिंपडून त्याचा बाप्तिस्मा करत. बारसंच म्हणा ना. त्या क्षणापासून रसाला वाइन म्हणायचे. त्याआधी त्याला वाइन म्हणणे गावात असभ्य समजले जाई. कोणाच्या रसाला हा मान द्यायचा हे उत्सव समिती ठरवी, आणि समिती म्हणजे बावीस वर्षे तोमो श्क्रिन्यार हेच होते.

विलिमचा नंबर एकतीस वर्षांनी लागला होता. एकतीस वर्षे एवढ्याचसाठी, की तो घरजावई होता. दोरित्साशी लग्न करून तो राजधानीतून या गावात आला, तिच्या वडिलांचा मळा सांभाळू लागला, आणि तेव्हापासून गाव त्याला 'जावईबापू' म्हणत आले. एकाहत्तराव्या वर्षी, डोक्यावर एक केस नसताना, आपण अजून गावाचे जावई आहोत याचे विलिमला वाईट वाटे. पण तो स्वभावाने लाजाळू होता, आणि वाईट वाटण्याचा कार्यक्रम तो शक्यतो घरातल्या घरात उरकत असे. त्याची उभी नोकरी रेल्वेची वेळापत्रके छापण्यापूर्वी तपासण्यात गेली होती. माणसांपेक्षा छापील आकड्यांवर त्याचा भरवसा अधिक होता. आपल्या रसावर बिशपांनी पाणी शिंपडले की आपण या गावचे झालो, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. तसे कुठे छापलेले नव्हते, एवढीच त्यात उणीव होती.

बिशपांनी अखेर डोळे उघडले.

"जावईबापू," ते म्हणाले, "गेल्या वर्षी मातेकच्या रसाने बारशाला उभ्या राहिलेल्या धर्मपित्याची कवळी सैल झाली. यंदा मी ठरवलंय. लिटरमागे दहा ग्रॅम आम्ल. त्याच्यावर गेलं तर मी शिंपडणार नाही."

"दहाच का?"

"कारण मी बिशप आहे. जा, मोजून आण. आणि तोंडी नको, कागदावर."

*

ही बातमी विलिमच्या आधी घरी पोहोचली. तो परतला तेव्हा स्वयंपाकघरात शेजारच्या बाराकाकू बसल्या होत्या आणि त्याचा मेहुणा इम्ब्रो चुलीला पाठ लावून उभा होता. दोघांच्याही पुढ्यात गेमिश्तचे पेले होते. गेमिश्त म्हणजे अर्धी वाइन आणि अर्धे फसफसणारे खनिज पाणी. या मुलखात कोणी घरात आले की त्याने तोंड उघडायच्या आत ते त्याच्या हातात येते.

"खडू टाका," बाराकाकू म्हणाल्या. "शाळेतला. माझे सासरे टाकायचे. एका पिंपाला बारा कांड्या."

"खडूने चव जाते, काकू," इम्ब्रो म्हणाला. "दाजी, तुम्ही असं करा, मध घाला. कळणार नाही कोणाला."

"मोजल्यावर कळेल की," विलिम म्हणाला.

"मोजणार कोण?"

"तालुक्याची प्रयोगशाळा."

यावर इम्ब्रो आणि बाराकाकू यांनी एकमेकांकडे पाहिले. लहान मूल 'मी चंद्रावर जाणार' म्हणते तेव्हा घरातली मोठी माणसे पाहतात तसे. दोरित्सा चीजच्या सारणाच्या श्त्रुक्लीसाठी पीठ लाटत होती. मार्तिन्येला तिने माहेरचे चौदा लोक बोलावून ठेवले होते, आणि तिच्या लाटण्याच्या आवाजावरून विलिमला तो आकडा नीट कळत होता.

प्रयोगशाळेच्या खिडकीत लोकरीचा अंगरखा घातलेली एक बाई होती. तिने बाटलीकडे न पाहताच विचारले, "रस की वाइन?"

"रस आहे," विलिम म्हणाला. "पण होत आलाय."

"'होत आलाय'चा अर्ज नाही. रसाचे अर्ज एकतीस ऑक्टोबरला बंद झाले. वाइनचे बारा नोव्हेंबरला उघडतील."

"मग मधल्या दिवसांत तो काय असतो?"

बाईंनी या प्रश्नाचा विचार केला. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी खणातला नियमांचा कागद काढला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाल्या, "मधल्या दिवसांत तो आमच्याकडे नसतो."

नियम छापील होता. विलिमला वाद घालता येईना. त्याने आभार मानले, बाटली पिशवीत घातली आणि बसमध्ये पोहोचेपर्यंत 'तो मग असतो कुठे' याचा विचार करत राहिला.

*

राहता राहिली गावची शाळा. तिथल्या भांडारात ब्युरेट होती, म्हणजे खाली तोटी असलेली आणि बारीक रेघांनी आखलेली उभी काचेची नळी. सुई हलणारे जुने सामूमापक होते, आकडा जेवढा कमी तेवढे आम्ल तीव्र असे दाखवणारे. सौम्य कॉस्टिक सोड्याची बाटली होती. आणि या सगळ्यांवर बसलेले भांडारपाल झ्लात्को पुहेक होते.

"साहित्य फक्त विद्यार्थ्यालाच मिळतं," पुहेक म्हणाले.

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे हो."

"वयाचा रकाना आहे ना. भरा तिथे."

अशा रीतीने विलिम पेर्कोवेत्सचे नाव आठवी ब मध्ये दाखल झाले. अर्जाच्या तळाशी पालकाची सही हवी होती. विलिमचे आईवडील निवर्तले होते, आणि ही सबब पुहेक यांना पुरेशी वाटली नाही. शेवटी इम्ब्रोला बोलावून आणले. इम्ब्रोने सही तर केलीच, पण 'पाल्याशी नाते' या रकान्यात 'मेहुणा' आणि 'पाल्याचा स्वभाव' या रकान्यात 'शांत, पण हट्टी' असे ठळक अक्षरांत लिहिले, आणि आजूबाजूला कोणी वाचणारे नाही हे पाहून मोठ्याने वाचूनही दाखवले.

सामानाबरोबर प्रयोगवही मिळाली. ती मात्र विलिमने तीन दिवस मनापासून वाचली. अनुमापन म्हणजे काय, तर आम्ल किती आहे हे माहीत नाही, म्हणून त्यात माहितीतले अल्क, इथे तो कॉस्टिक सोडा, थेंबाथेंबाने सोडायचे, आणि आम्ल संपल्याचे कळेपर्यंत किती लागले ते मोजायचे. कळते कसे? आधी दर्शकाचे दोन थेंब टाकलेले असतात. आम्ल आहे तोवर ते बिनरंगी राहतात, संपले की गुलाबी होतात. पण विलिमला खरा मोह पडला तो आलेखाचा. दर थेंबागणिक सामू किती, हे टिपत गेले की एक रेघ तयार होते, आणि ती सरळ नसते. सुरुवातीला अल्क ओतत राहा, सामू जागचा फारसा हलत नाही. आम्ल ते निमूटपणे गिळत राहते. मग अखेरीच्या एक-दोन थेंबांवर रेघ कड्यासारखी उभी चढते, आणि वर जाऊन पुन्हा आडवी होते.

वाचता वाचता त्याने मान वर करून दोरित्साकडे पाहिले. एकतीस वर्षांच्या संसारात हा आलेख त्याने कितीतरी वेळा अनुभवला होता. नाव मात्र आज कळले.

"काय बघताय?" दोरित्साने विचारले.

"काही नाही."

"मग वाचा."

*

पहिले अनुमापन स्वयंपाकघरात, रविवारी, चर्चनंतर झाले. समितीच्या नियमाप्रमाणे दोन साक्षीदार लागत. एक बाराकाकू, दुसरे स्वतः बिशप. इम्ब्रो पालक या नात्याने हजर होता. त्याने सहायकाचे काम अंगावर घेतले आणि सगळ्यांचे पेले भरले.

विलिमने वही उघडून वाचले, "दहा मिलिलिटर रस घ्यावा. त्यात पन्नास मिलिलिटर पाणी घालावे."

इम्ब्रोने पाणी घातले. मिश्रण छान फसफसले. त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

सामूमापकाची सुई साडेपाचवर उभी राहिली. विलिमने ते टिपले आणि तोटी फिरवली.

"हळू," बिशप म्हणाले.

"जोरात जाऊ द्या, दाजी," इम्ब्रो म्हणाला. "संध्याकाळ होईल."

"माझे सासरे," बाराकाकू म्हणाल्या, "जिभेने सांगायचे. अर्धा मिनिट."

दहा मिलिलिटर गेले. गुलाबी काही नाही. पंधरा गेले. सुई सहाच्या पुढे गेली आणि साडेसहाच्या आसपास अशी रेंगाळली, जणू तिथे तिला कोणी ओळखीचे भेटले होते. वीस. पंचवीस. बिशपांनी खुर्ची मागे सरकवली. तिसाव्या मिलिलिटरला एक गुलाबी झाक आली, ढवळल्यावर निघून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. चौतिसाव्याला ती टिकली.

विलिमने गुणाकार केला. मग पुन्हा केला.

"किती?" दोरित्साने चुलीपासून विचारले.

"साडेपंचवीस ग्रॅम."

बाराकाकूंनी आपल्या पेल्यात काय आहे ते वाकून पाहिले.

"जावईबापू," बिशप शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. "याचा बाप्तिस्मा नको करायला. याला कुलूप लावायला पाहिजे."

पुढचे दोन दिवस विलिमच्या आयुष्यातले सर्वांत अपमानाचे होते, आणि गंमत अशी की त्याच दोन दिवसांत त्याच्या रसाला कधी नव्हे ती मागणी आली. एक जण किटलीतला पांढरा थर काढायला बाटलीभर घेऊन गेला. बाराकाकूंच्या चुलतबहिणीने नवऱ्याच्या थडग्यावरचे शेवाळ घासायला मागितला. पुहेक यांनी निरोप पाठवला की शाळेचे संडास तुंबले आहेत, आणि आठवी ब च्या विद्यार्थ्याकडून सहकार्याची अपेक्षा आहे. विलिम प्रत्येकाला बाटली भरून देई. नाही म्हणणे त्याला जमत नसे. लोक 'फार उपयोग झाला' म्हणून सांगायलाही येत, हे त्याला जास्त लागे.

"गुणाकार चुकला असेल," दोरित्सा म्हणाली. हा तिच्या परीने दिलासा होता.

"गुणाकार माझा चुकत नाही."

"मग वाचण्यात राहिलं असेल काही."

आणि खरेच राहिले होते. वहीच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक टीप होती: नमुन्यात वायू विरघळलेला असल्यास तो आधी उकळून घालवावा. अन्यथा तो वायूही आम्ल म्हणून मोजला जातो. विलिम शरमला. जन्मभर तळटिपा तपासणाऱ्या माणसाकडून तळटीप सुटली होती.

*

दुसरे अनुमापन बुधवारी झाले. माणसे तीच. इम्ब्रोने पाणी घातले, मिश्रण फसफसले, विलिमने ते चुलीवर ठेवून चांगले खळखळून उकळले आणि खिडकीत गार केले. मग दर्शकाचे दोन थेंब टाकले.

मिश्रण गुलाबी झाले.

विलिमचा हात तोटीवर होता. तोटी बंद होती. अल्काचा एक थेंबही पडलेला नव्हता.

"झालं?" इम्ब्रोने विचारले.

"अजून सुरूच केलं नाही."

"पण गुलाबी झालंय की."

"हो."

"मग किती?"

विलिमने गुणाकार केला. तो करायला फार वेळ लागला नाही.

"शून्य."

बिशप उठले. त्यांनी पेला उजेडाकडे धरून गुलाबी रंग पाहिला. पिंपातला ताजा रस मागवून त्याचा घोट घेतला. डोळे मिटले. उघडले.

"जिभेला आंबट लागतंय," ते म्हणाले. "पण जिभेवर शाळेचा शिक्का नसतो. शून्य म्हणजे दहाच्या आत. बसलं नियमात."

"पण बिशपसाहेब, रविवारी साडेपंचवीस होतं. तीन दिवसांत एवढं आम्ल गेलं कुठे?"

"ते तुझं तू बघ. मला धुराड्यातला धूर कुठे गेला हे कोणी विचारतं का?"

पुहेक यांनी शाळेच्या शिक्क्यानिशी दाखला दिला. त्यावर 'आठवी ब, प्रयोग क्रमांक दोन, आम्लता शून्य' असे लिहिले होते. बिशपांनी खाली सही केली, बाराकाकूंनी केली, पालकांनी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतली एक म्हातारी आली आणि नवस कोणत्या संताला बोलला होतात, असे विलिमला बाजूला घेऊन विचारू लागली. तिच्या सुनेचाही स्वभाव तसाच आंबट होता.

दोरित्साचे मात्र लाटणे हलके चालू लागले. ती गुणगुणतसुद्धा होती. विलिमने तिला एवढ्यात असे गुणगुणताना ऐकले नव्हते.

आणि त्याला जेवण जाईना.

शून्य हा आकडा त्याला मान्य होता, साडेपंचवीसही मान्य होता. दोन्ही एकाच पिंपाचे, हे त्याच्यातल्या तपासनिसाला सहन होत नव्हते. एकच गाडी एका पानावर सहाला सुटते आणि दुसऱ्या पानावर कधीच सुटत नाही, असे वेळापत्रक त्याने कधी छापायला सोडले नव्हते. जेवण बाजूला सारून त्याने रविवारचा आलेख टेबलावर पसरला आणि त्याच्यावर वहीतला छापील आलेख ठेवला.

छापील आलेख तीनच्या जवळून सुरू होत होता. त्याचा साडेपाचपासून. छापील रेघ हळूहळू चढून कड्याकडे जात होती. त्याच्या रेघेला साडेसहाजवळ एक लांबलचक ओटा होता, तिथे दहा-पंधरा मिलिलिटर अल्क नुसते बसून गेले होते. विलिमने उठून सामूमापकाची सुई थेट पिंपाच्या रसात बुडवली. सुई तीनवर गेली. म्हणजे रस बिचारा जिथे असायला हवा तिथेच होता. पेल्यात जाता जाता कोणीतरी त्याला उचलून साडेपाचवर ठेवत होते.

वहीत मागे एक तक्ता होता: कोणत्या पदार्थाचा ओटा कुठे येतो. साडेसहाच्या आसपास एकच नाव होते. खायच्या सोड्याचे भावंड, जे डोंगरातल्या झऱ्यांच्या पाण्यात असते.

तो इम्ब्रोकडे गेला. इम्ब्रो अंगणात लाकडे फोडत होता.

"इम्ब्रो, पेल्यात पाणी कोणतं घातलंस?"

"कोणतं म्हणजे? पाणी."

"नळाचं?"

इम्ब्रोने कुऱ्हाड खाली ठेवली. त्याचा चेहरा दुखावला गेला होता. "दाजी, मी काय जनावर आहे? वाइनमध्ये नळाचं पाणी घालीन? फसफसतं घातलं. नवी बाटली फोडली दोन्ही वेळेला. आणि वर तुम्ही मलाच विचारताय."

विलिम लाकडाच्या ओंडक्यावर बसला. सगळे त्याच्या डोळ्यांपुढे झाले होते. चार माणसांनी पाहिले होते. वाइनमध्ये पाणी घाल म्हटल्यावर या गावातला कुठलाही माणूस दुसरे काय घालणार? पहिल्या वेळी बाटलीतला वायूच आम्ल बनून मोजला गेला. दुसऱ्या वेळी उकळून वायू गेला, आणि पाण्यातल्या सोड्याने रसातले आम्ल गुपचूप गिळून टाकले. एकदाही त्यांनी रस मोजला नव्हता. दोन्ही वेळा त्यांनी गेमिश्त मोजले होते.

*

मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी पेट्रोल पंपावर मिळते. विलिमने ते आणले आणि शुक्रवारी सकाळी, घरात कोणी नसताना, तीन वेळा अनुमापन केले. रेघ तीनपासून निघाली, सावकाश चढली, कुठे रेंगाळली नाही, आणि पंधरा मिलिलिटर होता होता एका थेंबावर कड्यासारखी उभी राहिली. त्याने आयुष्यात इतकी सुंदर रेघ काढली नव्हती. तिन्ही वेळा उत्तर तेच आले. अकरा पूर्णांक दोन.

दोरित्सा बाजारातून आली तेव्हा त्याने तिला सांगितले.

"दाखल्यावर शून्य आहे," ती म्हणाली.

"दाखला चुकीचा आहे."

"शिक्का आहे त्याच्यावर."

"अगं, शिक्का चुकीवर आहे."

"चौदा माणसं येतायत," दोरित्सा म्हणाली. "दोन बदकं भाजायला सांगितलीयत. एकतीस वर्षं मी वाट बघितली की माझ्या नवऱ्याचं पिंप त्या चौकात जाईल. तुमच्या एक पूर्णांक दोनसाठी मी ते परत आणायचं?"

ती आत गेली. आलेखावर आपण नेमके कुठे आहोत हे विलिमला समजत होते. अजून एक थेंब, की कडा.

त्याच दुपारी मागच्या दाराशी टकटक झाली. बाहेर बिशप उभे होते, धुराड्याच्या कामाच्या काळ्या कपड्यांत, आणि त्यांच्या कोटाच्या आत काहीतरी उंच आणि टोकदार होते.

"सहज आलो होतो," ते म्हणाले आणि आत येऊन दार लावून घेतले. मग कोटातून बाटली काढली. "माझ्या मळ्यातला आहे. तू एवढं सगळं मांडलंच आहेस तर म्हटलं बघावं. कागदबिगद नको. साक्षीदारही नकोत."

विलिमने मोजले. बिशप श्वास रोखून नळीकडे बघत होते. पंधरा मिलिलिटरला त्यांनी विलिमकडे पाहिले. विलिमने नजर नळीवरच ठेवली. सतरा मिलिलिटरनंतर दोन-तीन थेंब पडले आणि गुलाबी झाले.

"किती?"

"बारा पूर्णांक नऊ."

बिशपांनी बूच लावले. बाटली पुन्हा कोटात गेली. दारापाशी ते थबकले.

"तुझं शून्य," ते म्हणाले, "ते खरं आहे?"

विलिमला खोटे बोलायला नेहमीच वेळ लागे, आणि तेवढा वेळ बिशपांनी दिला नाही.

"नको सांगूस," ते म्हणाले. "मी बिशप आहे. मला कळतं." आणि अंगणातून निघून गेले.

*

मार्तिन्येला चौकात सगळे गाव जमले. विलिमचे पिंप सजवलेल्या बैलगाडीवरून आणले होते. त्याच्यावर वेलींची माळ होती. बिशपांनी मुकुट घातला होता. त्याला दोरित्साने चॉकलेटच्या डब्यातला नवा सोनेरी कागद लावून दिला होता. धर्मपिता म्हणून मातेक आणि धर्ममाता म्हणून बाराकाकू पिंपाच्या दोन बाजूंना उभे होते. दाखला एका काठीला टाचून मिरवत आणला होता.

रिवाजाप्रमाणे बिशपांनी विचारले, "या रसाविषयी कोणाला काही सांगायचंय का?" याचे उत्तर कोणी देत नसते. पुढचे वाक्य म्हणता यावे म्हणून हा प्रश्न असतो.

"मला," विलिम म्हणाला.

त्याचा आवाज इतका लहान होता की मागच्या लोकांना तो खोकलाच वाटला. दोरित्साला मात्र ऐकू गेले. तिने डोळे मिटून घेतले.

"दाखला चुकीचा आहे," विलिम म्हणाला. "पाण्याची चूक झाली. माझीच. मी बाटली बघायला हवी होती. खरं उत्तर अकरा पूर्णांक दोन आहे. तीन वेळा मोजलंय. दहाच्या वर आहे."

त्याने खिशातून आलेख काढून पुढे धरला. कोणाला काय बघायचे ते कळले नाही, पण सगळ्यांनी पाहिला. रेघ खरेच सुंदर होती.

"मग आता?" मातेकने विचारले. "पिंप परत न्यायचं?"

"नियम नियमच," कोणीतरी मागून म्हणाले.

"जावयाला कोणी बोलायला सांगितलं होतं?" आणखी कोणी म्हणाले.

इम्ब्रो पुढे आला. "माझ्या पाल्याला कोणी काही बोलायचं नाही. पाणी मी घातलं होतं. आणि फसफसतंच घालीन, हजार वेळा घालीन."

सगळ्यांच्या माना बिशपांकडे वळल्या. बिशप एका हातात पाण्याचे भांडे आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन उभे होते. त्यांनी विलिमकडे पाहिले. विलिमला बारा पूर्णांक नऊ हा आकडा स्वच्छ दिसत होता, जणू त्या मुकुटावर कोणी छापला होता. तो जिभेच्या टोकाशी आला होता. एक थेंब पुरला असता. विलिमने तो गिळला आणि मान खाली घातली.

बिशप बराच वेळ त्याच्या टकलाकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"मर्यादा मी घातली होती," ते म्हणाले. "दहाची. ती घातली तेव्हा मी काही मोजलं नव्हतं. आता समितीने पुन्हा विचार केलाय."

"कधी?" बाराकाकूंनी विचारले.

"आत्ता, काकू, तुमच्यासमोर. या गावची जमीन, इथला उतार, इथलं ऊन लक्षात घेऊन समिती मर्यादा वाढवतेय. तेरा. लिहून घ्या कोणीतरी."

पुहेक यांनी लिहून घेतले.

"तेरा कशाला?" मातेक म्हणाला. तो हिशेबी माणूस होता. "हे अकरा पूर्णांक दोन आहे ना? मग बारा पुरे. तेराच का?"

बिशपांनी उत्तरासाठी आभाळाकडे पाहिले, काठीकडे पाहिले, पाण्याच्या भांड्यात पाहिले. मुकुटाखालून घामाचा ओघळ कपाळावर येऊ लागला.

"कारण," विलिम म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज अगदी मागपर्यंत गेला, "तेरा हा गोल आकडा आहे."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. पुस्तके वाचलेला माणूस. रेल्वेत आकडे तपासायचा. त्याच्याशिवाय हे गावात कोणाला कळणार?

"असं," मातेक म्हणाला. "ते मला माहीत नव्हतं."

आणि बिशपांनी भांडे तिरके करून पाणी शिंपडले, थोडे पिंपावर, थोडे विलिमवर.